हिशेबाचे कागद संगणकावर : स्वस्त कोणते, महाग कोणते?

मार्च महिना जवळ आला की आपल्या बाजारपेठांतून एकच धावपळ सुरू होते. भिवंडीचा यंत्रमागधारक वर्षभराची चलने शोधू लागतो. मालेगावचा कापड व्यापारी मुनीमाकडून खाते-उतारे काढून घेतो. धारावीत चामड्याच्या पिशव्या-पाकिटे बनविणारा कारखानदार कोणत्या दुकानदाराकडे किती उधारी अडकली याची बेरीज मांडत बसतो. काम एकाच साच्याचे असते, नाव, तारीख आणि रक्कम एवढेच बदलते. तरीही प्रत्येक कागद नव्याने हाताने लिहिला जातो, नाही तर टायपिंगच्या दुकानात पानामागे पैसे मोजून करून घेतला जातो.

अशा वेळी कोणीतरी सॉफ्टवेअर विकणारा पेढीवर येतो आणि एका बटणात पाचशे बिले निघतील असे सांगतो. मग आपल्यापैकी बरेच जण दोनपैकी एका वाटेने जातात. काही जण गरजेपेक्षा कितीतरी मोठे पॅकेज घेतात आणि त्यातला लहानसा भागच वापरतात. काही जण खर्च नको म्हणून कोणाकडून तरी चोरीची प्रत टाकून घेतात. आमच्या मते या दोन्ही वाटा महागाच्या आहेत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपला हिशेब आपल्या ताब्यात राहतो आणि पुढे कधीही बाहेर काढता येतो, तेच खरे स्वस्त. हाच मुद्दा आम्ही या लेखात व्यापारी व कारागीर वाचकांपुढे मांडू इच्छितो.

कागद नसेल तर हक्क बुडतो

कागदपत्रांचा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही, तो पोटाचा आहे. मजुरीने कापड विणून देणारा, जरीकाम करून देणारा, चपलांचे वरचे भाग शिवून देणारा कारागीर माल देतो आणि पैशांची वाट पाहतो. व्यवहार तोंडी असतो. वाद झाला की मोठा व्यापारी आपली वही उघडतो आणि कारागिराकडे दाखवायला काहीच नसते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मध्ये झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योजकाने माल अथवा सेवा दिल्यावर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले पाहिजेत असे हा कायदा सांगतो. पैसे न मिळाल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक तरतूद आणली. अशी देणी मुदतीत न चुकविणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच ती वजावट मिळते. म्हणजे लहान कारागिराच्या बिलाला आता मोठ्या पेढीच्या हिशेबातही वजन आले आहे. मात्र ही संरक्षणे उत्पादन करणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहेत. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती, हे ध्यानात ठेवावे.

या कायद्याचा लाभ घ्यायचा तर काय लागते? तारखेचे बिल, माल पोहोचल्याची सही आणि बिलावर छापलेला उद्यम नोंदणी क्रमांक. कायद्यात उशिराच्या रकमेवर व्याजाचीही तरतूद आहे. ते व्याज आपल्यापैकी अनेक जण घेणार नाहीत. परंतु मुद्दल तर आपल्या घामाचे आहे, आणि ते मागायलाही कागदच लागतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, याच विषयावर आहे. लेखणीच्या जागी आज संगणक आला, एवढाच फरक.

खरेदीआधी मोजणी

दुकानदार काय विकतो हे पाहण्याआधी आपल्याला काय लागते ते मोजावे. एका महिन्याचे सर्व कागद समोर घ्यावेत आणि त्यांचे गठ्ठे करावेत : कर-बिले, मालाची चलने, मजुरीच्या पावत्या, दरपत्रके, थकबाकीची स्मरणपत्रे, खाते जुळविण्याची पत्रे, पार्सलवर चिकटवायचे पत्ते. प्रत्येक गठ्ठ्यात किती कागद आहेत आणि त्यात बदलणारा मजकूर कोणता, ते लिहून काढावे.

ही मोजणी केली की बरेच भ्रम दूर होतात. मिरजेत सतार-तंबोरा घडविणारा कारागीर महिन्याला मोजकीच वाद्ये विकतो. त्याला घाऊक कागद काढणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. छापील बिल-बुक, कार्बन आणि एक नीट ठेवलेली वही त्याला पुरे. याउलट दोनशे दुकानांना माल पुरविणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला दरमहा दोनशे खाते-उतारे लागतात. समजा एका कागदाला पाच मिनिटे लागली, तर दोनशे कागदांना हजार मिनिटे, म्हणजे जवळजवळ सतरा तास गेले. हेच काम यादीवरून केले तर तपासणी धरून एका दुपारचे आहे. सॉफ्टवेअरची खरी किंमत या वाचलेल्या तासांशी ताडून पाहावी, जाहिरातीतल्या सवलतीशी नव्हे.

एक यादी, एक नमुना

घाऊक कागद काढण्याची युक्ती मुळात साधी आहे. तिला मेल मर्ज म्हणतात. दोन फायली लागतात. पहिली फाईल म्हणजे यादी : एका ओळीत एक ग्राहक, आणि रकान्यांत नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बाकी रक्कम, तारीख. दुसरी फाईल म्हणजे पत्राचा नमुना, ज्यात बदलणाऱ्या मजकुराच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. संगणक यादीतील एकेक ओळ उचलतो, मोकळ्या जागा भरतो आणि प्रत्येक ग्राहकाचे वेगळे पत्र तयार करतो.

हे काम करणारी सोय मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये आहे आणि लिबरऑफिसमध्येही आहे. लिबरऑफिस हे पूर्णपणे विनामूल्य आहे, व्यवसायासाठी वापरायलाही कायदेशीर मुभा आहे, आणि विंडोज असो वा लिनक्स, दोन्हींवर चालते. त्यातून सर्व पत्रे एकाच फायलीत अथवा प्रत्येकाची वेगळी फाईल करून काढता येतात, पत्त्यांच्या चिठ्ठ्याही छापता येतात. ज्याच्याकडे साधा जुना संगणक आहे त्याने एक रुपयाही खर्च करण्याआधी हे वापरून पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

यादी करताना काही खाचखळगे सांभाळावेत. बँक खात्याचा क्रमांक किंवा ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक आकडा म्हणून भरला तर सुरुवातीची शून्ये गळून पडतात, आणि एक्सेलमध्ये १५ पेक्षा जास्त अंकांच्या क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. म्हणून असे रकाने आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्यावेत. अक्षरी रक्कम देशी पद्धतीने, लाख-कोटीत, येते की नाही ते पाहावे. तारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही ना, याची खात्री करावी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य दाखवितात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. ग्राहक राज्यातला की बाहेरचा, यावर बिलात कोणता कर लागतो ते ठरते, म्हणून हा रकाना विशेष काळजीने भरावा. दोनशे पत्रे छापण्याआधी पाच काढून डोळ्यांखालून घालावीत. यादीत चूक असेल तर संगणक ती दोनशे वेळा करतो.

कराचा दर कधीही नमुन्यात टंकून ठेवू नये. तो यादीतल्या रकान्यात असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि बहुतेक वस्तू ५ व १८ टक्क्यांच्या दोन टप्प्यांत आल्या. ज्यांचा दर एका रकान्यात होता त्यांचे काम एका बैठकीत झाले. ज्यांनी तो प्रत्येक नमुन्यात वेगळा लिहिला होता त्यांना प्रत्येक नमुना उघडून दुरुस्त करावा लागणार, हे उघड आहे.

पत्र वेगळे, कर-बिल वेगळे

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मेल मर्ज स्मरणपत्रांना, दरपत्रकांना, मजुरीच्या पावत्यांना आणि खाते जुळविण्याच्या पत्रांना उत्तम आहे. कर-बिलांसाठी मात्र आम्ही त्याची शिफारस करीत नाही.

कारण असे की जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. मजुरीच्या कामाला माल पाठविताना जे चलन देतो त्यालाही असाच क्रमांक लागतो. बिलात मागाहून चूक आढळली तर ते बिल पुसून नवे टाकायचे नसते. रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट द्यायची असते. मेल मर्जमध्ये कालचा कागद आज बदलून पुन्हा छापता येतो, आणि दोन ग्राहकांना एकच क्रमांक जाऊ शकतो. अशी एक चूक वर्षाच्या अखेरीस फार जड जाते. म्हणून बिले व चलने यांसाठी क्रमांक आपोआप देणारे, जुनी नोंद जपणारे बिलिंगचे सॉफ्टवेअर असावे. बाजारात अशी लहान सॉफ्टवेअर अनेक आहेत. ज्याच्याकडे संगणकच नाही त्याला मोबाइलवर चालणारीही मिळतात. बाकी सारी पत्रे मेल मर्जवर काढावीत. अशी विभागणी केली तर मोठ्या पॅकेजची गरज बहुतेकांना उरत नाही.

यंत्रमागाच्या धंद्यात चलनाचे महत्त्व फार आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०१८ पासून राज्यांतर्गत एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिलाची सूट दिली गेली, आणि मजुरीच्या कामासाठी ५० किलोमीटरच्या आत जाणाऱ्या सूत, कापड व कपड्यांना किमतीचे बंधन न ठेवता सूट मिळाली. यामुळे काही जणांचा समज झाला की आता कागदच नको. तो चुकीचा आहे. चलन लागतेच. मजुरीला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही तर कायदा त्याला विक्री समजतो, आणि माल कधी गेला व कधी आला याचा पुरावा चलनाखेरीज दुसरा नसतो.

ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. अशांनी सॉफ्टवेअर घेताना ती सोय आहे का हे आधी विचारावे. ज्यांना एकदम पुष्कळ ई-वे बिले काढायची असतात त्यांच्यासाठी सरकारी संकेतस्थळावर एक्सेलमध्ये माहिती भरून ती एकत्र चढविण्याची विनामूल्य सोय आहे. ती सोडून खासगी सेवेला प्रत्येक बिलामागे पैसे देणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

किंमत पाच वर्षांची धरा

आज बहुतेक सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर मिळते. पहिल्या वर्षाचा आकडा लहान दिसतो. समजा वर्गणी वर्षाला तीन हजार आहे. पाच वर्षांचे पंधरा हजार झाले. त्यात नोकराला शिकविण्याचा वेळ, जुनी नावे नव्याने भरण्याची मजुरी, दुसऱ्या संगणकासाठी वेगळी वर्गणी, आणि वर्गणी वाढण्याची शक्यता मिळवा. काही सेवा कागदांच्या संख्येवर पैसे घेतात. शंभर कागदांपर्यंत फुकट, पुढे मोजणी सुरू. अशा सेवेत ईदच्या किंवा लग्नसराईच्या हंगामात, नेमके काम वाढते तेव्हाच, खर्चही वाढतो. काही विनामूल्य सेवा आपल्या बिलाखाली त्यांचे नाव छापतात. ते ग्राहकापुढे बरे दिसत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न वर्गणी थांबविल्यानंतरचा आहे. जीएसटी कायद्यानुसार एखाद्या वर्षाची वहीखाती त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवावी लागतात. उद्या आपण वर्गणी भरली नाही, किंवा ती कंपनीच बंद पडली, तर जुनी बिले उघडतील का? उघडत नसतील तर आपला हिशेब आपला राहिला नाही, तो भाड्याच्या खोलीत ठेवलेल्या सामानासारखा झाला. भाडे थकले की कुलूप घरमालकाचे.

म्हणून विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तर त्याच्या तोंडून न घेता समोर करून दाखवायला सांगावे :

१. सर्व ग्राहकांची यादी आणि सर्व बिले एक्सेल किंवा सीएसव्ही फायलीत बाहेर काढता येतात काय?

२. वर्गणी संपल्यावर जुनी बिले पाहता व छापता येतात काय?

३. रोजची नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवता येते काय, आणि ती परत भरून दाखविता का?

४. इंटरनेट किंवा वीज गेली तर काम कसे चालते?

५. बिलावर मराठी व उर्दू मजकूर नीट छापला जातो काय?

६. कायद्यात बदल झाला तर सुधारणा वर्गणीत मिळते की वेगळे पैसे पडतात?

७. काही अडल्यास मदत कोणत्या भाषेत आणि किती वाजेपर्यंत मिळते?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील तर पुढचे प्रश्न विचारण्याचे कारण नाही. ते सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

मराठी आणि उर्दू मजकूर

आपले ग्राहक इंग्रजी पत्रे वाचतीलच असे नाही. थकबाकीचे पत्र मराठीत किंवा उर्दूत गेले तर त्याचा परिणाम वेगळा होतो. येथे जुन्या सवयीची अडचण येते. पूर्वीच्या टंकांत, उदाहरणार्थ कृतिदेव किंवा शिवाजीमध्ये, भरलेली नावे तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर गिचमिड दिसतात, अक्षरानुक्रमे लागत नाहीत आणि शोधताही येत नाहीत. यादी करायची ती युनिकोडमध्येच करावी. उर्दूसाठीही तेच. इनपेजमध्ये छपाईचे काम सुबक होते, परंतु यादी युनिकोडमध्ये ठेवली तरच ती कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, आणि मध्येच आकडे आले की काही स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये ओळ उलटीपालटी होते. एक नमुना छापून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चोरीची प्रत महागच

आपल्याकडे एक दुःखद सवय पडली आहे. मालात भेसळ न करणारा, तराजू काटेकोर ठेवणारा व्यापारीही संगणकावर चोरीचे सॉफ्टवेअर बेधडक वापरतो. डोळ्यांना न दिसणारी वस्तू चोरली तर ती चोरी नाही, असे कोणी मानत असेल तर त्याने आपल्याच मालाचा विचार करावा. आपण काढलेली नक्षी दुसऱ्याने उचलली तर आपण काय म्हणतो? कायदाही येथे स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय कुलूप तोडलेल्या अशा प्रतींबरोबर व्हायरस येतो, सुधारणा मिळत नाहीत, आणि ऐन मार्चमध्ये यंत्र बंद पडले तर तक्रार करायला जागा नसते. विनामूल्य व कायदेशीर साधन हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

मोहल्ल्यातून मार्ग

हे सर्व एकट्या कारागिराने शिकावे अशी आमची अपेक्षा नाही. प्रत्येक वस्तीत वाणिज्य शाखेत शिकणारी मुले-मुली आहेत, ज्यांना संगणक येतो आणि काम हवे आहे. यंत्रमागधारकांच्या, कापड व्यापाऱ्यांच्या, चर्मकामाच्या स्थानिक संघटनांनी अशा दोन-चार तरुणांना हाताशी धरावे. मजुरीच्या चलनाचा एक नमुना, थकबाकीच्या पत्राचा एक मराठी व एक उर्दू नमुना आणि ग्राहकयादीचे रकाने त्यांनी जाणत्या करसल्लागाराकडून एकदा तपासून घ्यावेत आणि सर्व सभासदांना द्यावेत. पन्नास पेढ्यांनी पन्नास वेळा तेच काम करण्यापेक्षा एकदा केलेले काम पन्नासांच्या उपयोगी पडेल, आणि त्या तरुणांना मेहनताना देऊनही प्रत्येकाचा खर्च किरकोळ राहील. विक्रेत्याशी भाव ठरवायचा झाला तरी एकट्यापेक्षा पन्नास जणांचे ऐकले जाते.

घरी बसून जरीचे आणि भरतकाम करणाऱ्या भगिनींपर्यंतही ही सोय पोहोचली पाहिजे. किती नग घेतले, किती दिले, दर काय ठरला आणि बाकी किती, एवढ्या चार गोष्टींची छापील पावती दर आठवड्याला त्यांच्या हाती पडली तर त्यांची मजुरी मध्येच अडणार नाही. ज्या कंत्राटदाराला हिशेब चोख ठेवायचा आहे त्याला अशा पावत्या काढायला अर्धा तास पुरेल.

नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि बिलांचे क्रमांकही त्या दिवसापासून नव्याने घालता येतात. बदल करायला हा मुहूर्त सोयीचा आहे. तोपर्यंत निदान ग्राहकांची यादी युनिकोडमध्ये, एका फायलीत, पूर्ण पत्त्यांसह तयार करून ठेवावी आणि तिची एक नक्कल घरी, एक पेढीवर ठेवावी. सॉफ्टवेअर आज हे आहे, उद्या दुसरे येईल. ती यादी हातात असेल तर कोणत्याही विक्रेत्यापुढे आपल्याला लाचार व्हावे लागणार नाही.